न सांडलेलं रक्त

लढाई संपली होती. वैद्याच्या तंबूपुढच्या रांगेत माझ्यापुढे रोमच्या चाकरीतल्या आमच्या बटावी तुकडीतलेच दोघे होते. जखमी म्हातारा गंबाक्स, आणि त्याला धरून उभा असलेला तरणा व्हाट्टो.

"ऐकलंस ना काका? सेनापती म्हणाले, रोमन रक्ताचा एक थेंबही न सांडता जिंकलो!"

"खरंच आहे ते. रोमन पलटण मागंच उभी होती. पुढं आपणच होतो."

"मग माझा दादा मेला, त्याचं काय?"

"तो बटावी होता, पोरा. हळू बोल."

"का म्हणून हळू? टेकडी चढताना आपण रोमचे, आणि मेलो की परके?"

वैद्याचा माणूस ओलं फडकं घेऊन आला. व्हाट्टोचे लाल हात बघून म्हणाला, "कुठं लागलंय?"

"मला नाही लागलं. हे दादाचं आहे. पुसू नको, सेनापतींना दाखवायचंय."