आठ दिवस उशिरा झालेलं बारसं

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या रहिवासी मंडळाच्या प्रमुख डोरीन स्वानबर्ग, व्यासपीठावर बसलेले वन्यजीव कार्यालयाचे प्रतिनिधी श्री. ऑर्विल नेस, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती रूबेन हाउटाला, बीकन हाउसचे सर्व रहिवासी, माझे जुने सहकारी, आणि मागे दाराशी उभी असलेली आपली स्वयंपाकघरातली मंडळी, तुम्हा सर्वांना माझं अभिवादन. मागच्यांनी खुर्च्या घ्या. पाच मिनिटांत आटपेन असं मी डोरीनला कबूल केलं होतं, पण आता ते जमेलसं वाटत नाही.

मी दोन पानं लिहून आणली होती. ती पर्समध्येच राहू देते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युलाली आम्हाला चारचौघांत बोलायला शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "मुलींनो, हातातला कागद नकोसा झाला तर समजा की खरं बोलायची वेळ आली." मला तो आत्ता नकोसा झालाय. हे पाणी कोणी ठेवलं? आभारी आहे.

डोरीनने प्रास्ताविक फार सुंदर केलं. रूबेनची बावीस वर्षं, ससाण्यांची एकोणऐंशी पिल्लं, प्रत्येकाच्या पायात ओळखीची कडी. आणि मग ती हसत म्हणाली, "एवढा काटेकोर माणूस, पण एका वर्षी त्यालाही कॅलेंडर वाचता आलं नाही!" सगळे हसलात. रूबेनही हसले. मीसुद्धा हसले. आणि हसता हसता मी कप खाली ठेवला आणि पर्स बंद केली.

रूबेन, मान हलवू नकोस. बसून राहा.

नवे रहिवासी बरेच आहेत, म्हणून थोडं मागे जाते. बहिरी ससाण्यांचं जोडपं दर वसंतात आपल्या चौदाव्या मजल्याच्या सज्ज्यावर, खडी भरून ठेवलेल्या खोक्यात अंडी घालतं. त्या सज्ज्यावर जायला एकच वाट होती, अॅग्नेस पॉलसनबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की रूबेन कमरेला दोर बांधून त्या खिडकीतून बाहेर उतरायचे. मांजर न्यायच्या पेटीत घालून पिल्लं आत आणायचे आणि अॅग्नेसच्या टेबलावर त्यांच्या पायात कड्या घालायचे, एका पायात चंदेरी, एका पायात रंगीत, वर अक्षर आणि आकडा. पाय जाड असला तर पोरगी, बारीक असला तर पोरगा. अॅग्नेस दर वर्षी बजावायची, "पोरा, माझ्या टेबलावर यांनी जे काही केलं ते तू पुसायचंस. मी नव्वदीची आहे, मी नाही पुसणार." आणि हे सगळं चाललेलं असताना खिडकीतून निम्मी बाहेर वाकून, डोक्यावर हेल्मेट चढवून, लांब दांड्याचा झाडू रूबेनच्या डोक्यावर उभा धरायचा ते काम माझं. मी इथली व्यवस्थापक होते ना. आई चवताळून खाली झेपावते, तिचा तडाखा माणसाऐवजी झाडूला बसावा म्हणून.

आणि नावं. इतर गावांत शाळेतली मुलं मतं देऊन पिल्लांची नावं ठरवतात. आपल्याकडे वर्षभरात या इमारतीतून जे कोणी कायमचे गेले, त्यांची नावं ठेवतात. ही प्रथा कोणी सुरू केली ते आठवत नाही. कडी पायात बसली, टिचकी वाजली, की त्या क्षणी नाव उच्चारायचं. मग महिन्या-वर्षाने कुठून तरी पत्र येतं. अमुक आकड्याची कडी तिकडच्या पुलावर दिसली, धान्याच्या कोठारावर दिसली. त्या दिवशी नाश्त्याला कोणी तरी सहज सांगतं, "आपली मार्था आयोवात आहे. बरी आहे." ज्यांनी माणूस गमावलंय त्यांना हे वाक्य काय देतं, ते मी इथे कोणाला समजावू?

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझा नवरा, हॉलिस, गेला. एकतीस वर्षं तो आपल्या या सरोवरात खनिज वाहणाऱ्या जहाजांवर स्वयंपाकी होता. सरोवराने त्याला कधी हात लावला नाही. तो गेला तो खालच्या कपडे धुण्याच्या खोलीत, मशीन संपायची वाट बघताना.

त्या वर्षी खोक्यात चार पिल्लं होती. कड्यांची तारीख ठरली अकरा जून. हॉलिसची एकच बहीण, विनिफ्रेड. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती एकोणीसच्या आधी येऊ शकत नव्हती. मी रूबेनना फोन केला. म्हटलं, आठ दिवस थांबू.

ते म्हणाले, "ल्यूसिल, नाही जमणार. चार आठवड्यांच्या पिल्लाला पंखांआधी धाडस फुटतं. माणूस दिसला की ते मागे सरतं, आणि मागे सज्जा संपलेला असतो."

मी म्हटलं, "तू दरवर्षी असंच घाबरवतोस."

"दरवर्षी मी वेळेवर येतो म्हणून काही होत नाही, बाई."

मग मी जे बोलले ते नऊ वर्षांत कोणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, "तू एकटा राहतोस, रूबेन. तुझं कोणी गेलेलं नाही. तुला काय कळणार?" पलीकडे पेन्सिलने काही खोडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. एकोणीस."

कॅलेंडर त्यांना नीट वाचता येत होतं, डोरीन.

एकोणीस तारखेला सकाळी सरोवरावरून धुकं चढत होतं. विनिफ्रेड अॅग्नेसच्या टेबलाशी काठी घेऊन बसली होती, हातात चार नावांची चिठ्ठी. मार्था, आणखी दोन बाया आणि हॉलिस. रूबेन बाहेर उतरले आणि त्यांना पाहताच मला कळलं. त्यांची चाल वेगळी होती. पिल्लं आता कापसाचे गोळे नव्हती. पिसं फुटली होती, अंगावर कुठे कुठे पांढरी लव चिकटलेली, आणि सगळी खोक्याबाहेर येऊन सज्ज्यावर चालत होती.

तीन लवकर हाती लागली. मी पेटी आत ओढून घेतली. अॅग्नेसने आतूनच पाय बघितले. इतकी वर्षं बघून तिला कळायला लागलं होतं. म्हणाली, "तिन्ही पोरी. बाहेर राहिला तो तुझा हॉलिस."

तो लहानखुरा होता. रूबेनना पाहून तो ओरडला नाही की फिस्कारला नाही. नुसता मागे सरत गेला, एकेक पाऊल, सज्ज्याच्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत. आणि मग त्याची मागची बोटं कडेच्या बाहेर गेली. मी ती बोटं बघितली, पिवळी. त्यांच्याखाली चौदा मजले आणि धुकं. रस्त्यावरून बसचा आवाज येत होता, पण रस्ता दिसत नव्हता.

मी घाबरट बाई नाही. बर्फाच्या वादळात अडकलेली लिफ्ट मी हातांनी उघडली आहे. पण त्या क्षणी झाडू तसाच उभा धरून मी डोळे मिटले.  मला वाटलं, मी श्वास घेतला तर तो पडेल. हॉलिस पडेल. हो, मला तसंच वाटलं. मी त्याला दुसऱ्यांदा मारते आहे असं वाटलं.

रूबेन हळूहळू पोटावर आडवे झाले. तोंड काँक्रीटला टेकवून, न हलता ते म्हणाले, "ल्यूसिल, झाडू खाली घे."

मी म्हटलं, "त्याची आई तुला फाडेल."

"फाडू दे. झाडू आहे तोवर ती सज्ज्यावर उतरणार नाही. ती उतरली तरच तो पुढे येईल. झाडू खाली."

आतून अॅग्नेस कडाडली, "अगं ऐक त्याचं! एकदा नाही ऐकलंस तेवढं पुरे!" तिला कसं कळलं होतं, देव जाणे.

मी झाडू खाली घेतला. तुम्ही कधी तो आवाज ऐकलाय का? ससाणा वरून पडतो तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज येतो. पहिला तडाखा हेल्मेटवर बसला. दुसऱ्याने जॅकेट खांद्यापासून कमरेपर्यंत उघडलं. तिसऱ्याने हेल्मेटखाली कान गाठला. माणूस हलला नाही. त्याने बोटसुद्धा हलवलं नाही, कारण त्याच्यापासून पाच हातांवर एक जीव दोन बोटांवर तोललेला होता. मी प्रार्थना म्हणायला लागले आणि लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना मला अर्ध्यावर आठवेना.

मग ती उतरली. रूबेनच्या आणि पिल्लाच्या मधोमध. पंख पसरून तिने रूबेनकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. पाठीमागून पिल्लाने एकदम भुकेची किरकिर सुरू केली, आणि एक पाऊल पुढे आलं. मग दुसरं.

रूबेन पोटावरच मागे सरकत खिडकीपर्यंत आले. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. मी हातांनी त्यांचे बूट पकडले आणि सोडलेच नाहीत. अॅग्नेसने ताटं पुसायचा पंचा त्यांच्या कानावर दाबला आणि म्हणाली, "नव्वद वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात पुरुषाचं रक्त सांडलं नव्हतं. नवरा फार सांभाळून वागायचा." 

कानाला तो पंचा तसाच बांधून रूबेननी तिघींच्या पायांत कड्या घातल्या. विनिफ्रेडने तीन नावं वाचली. पेटी खिडकीलगत ठेवून त्यांनी आतूनच दोरीने दार उघडलं आणि पोरी चालत आईकडे गेल्या. विनिफ्रेडने चिठ्ठीवरचं चौथं नाव बोटाने झाकलं आणि विचारलं, "आणि माझा भाऊ?"

रूबेन म्हणाले, "तो आईजवळ आहे, बाई. त्याच्या पायात काही नाही. आज एवढ्यावर भागवा."

दहा दिवस मी समोरच्या वाहनतळाच्या गच्चीवर अॅग्नेसची दुर्बीण घेऊन बसले. एकोणतीस तारखेला तो स्वतःहून उडाला, नीट उडाला. त्यानंतर काहीच माहीत नाही. कडी नाही, म्हणून पत्र नाही. मार्थाचं आलं, बाकी पोरींची आली. हॉलिसचं येणार नाही.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यातल्या काहींना अर्धीमुर्धी ठाऊक असेल. पुढची नाही. त्या वर्षीच्या अहवालात रूबेननी लिहिलं: "चौथ्या पिल्लाला कडी घातलेली नाही. उशीर झाला. चूक माझी." साहजिकच कार्यालयातून दोन माणसं चौकशीला आली. ती आधी माझ्याकडे आली. तारीख कोणी बदलली, असं त्यांनी सरळ विचारलं. टेबलावर हॉलिसचा चष्मा होता, अजून उचलला नव्हता. आणि मी म्हटलं, "ते तुम्ही रूबेननाच विचारा."

मी खोटं बोलले नाही, बघा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला खोटं न बोलता खोटं वागता येतं.

त्यांनी विचारलं. रूबेन म्हणाले, "मीच बदलली." आणि तीन वर्षं त्यांना या सज्ज्यावर यायची परवानगी नव्हती. तीन जून महिने हा माणूस समोरच्या गच्चीवर उभा राहून दुसऱ्याच्या हातात आपली पिल्लं बघत होता. कार्यालयाचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर तसंच लिहिलेलं होतं. मी रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या फोन करीन. मला नोकरीची भीती वाटत होती, या इमारतीतली राहती जागा जाईल याची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर तुम्हा सर्वांच्या चेहऱ्यांची भीती वाटत होती. आज तेच चेहरे समोर आहेत. भीती तेवढीच आहे.

कळलं, रूबेन. तू म्हणतोयस ते ओठांवरून वाचता येतंय, "पुरे कर, ल्यूसिल." करते पुरे.

आता आभार. डोरीन, तू मला बोलायची संधी दिलीस, आणि तुझ्या त्या विनोदाबद्दल तर विशेष आभार. स्वयंपाकघरातल्या मंडळींनी वेलदोड्याचा पाव केलाय, त्याचा वास मघापासून माझं भाषण लांबवण्याच्या आड येतोय. त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी न खोकता ऐकलंत, तुमचेही.

बोलण्याच्या शेवटी वक्त्याने आपल्या चुकांबद्दल माफी मागायची असते. मीही ती अनेक समारंभांत मागितली आहे, कशाबद्दल ते मनात न आणता. आज माझ्याकडे चूक आहे, ती आठ दिवसांची आहे आणि पुढच्या नऊ वर्षांची आहे. रूबेन, तुझं कोणी गेलेलं नाही असं मी म्हटलं होतं. तुझी तीन वर्षं गेली, ती मी घेतली. माफ कर. करता आलं तर.

आणि श्री. नेस, तुम्हाला एक विनंती. तो कागद तुमच्या दप्तरात अजून असेल. त्यावर 'चूक माझी' असं जिथे लिहिलंय, तिथे रूबेन हाउटाला हे नाव खोडा आणि ल्यूसिल ट्रेम्बली लिहा. सही करायला मी आत्ता, इथेच, तयार आहे. पेन माझ्याकडे आहे.