मेल गेला गारव्याले

...अन् एसी काढून नेला! भर मे महिन्यात, यवतमाळात, दुपारच्या उन्हात, माह्या डोक्यावरून काढून नेला! अन् काढतानी त्याचे स्क्रू कोनाच्या हातात देले? माह्याच. वरून शेठ म्हणते, "जफरभाई, स्क्रू पडू देऊ नका." मी मनलं, स्क्रू नाही पडत शेठ, आता मीच पडतो.

नाही, तुम्हाले पहिल्यापासून सांगतो, नाही तं तुम्ही म्हणसान, हा मानूस एका एसीसाठी कायले बोंबलून राह्यला. आमची बियाण्याची कंपनी आहे. मालक घनश्यामशेठ. माही मिशी काळी होती तवापासून मी तिथं नोकरीले. अन् दोन उन्हाळ्यापहिले काय झालं, गोदामात ट्रक खाली करून घेत होतो, डोळ्यापुढं अंधारी आली अन् मी थैल्याइवर आडवा! लोकाइनं तोंडावर पानी शिंपडलं. डॉक्टर मने, याइले गरमीत ठेवू नका, पुढच्या बारीले उठतीन याचा भरोसा नाही. घरी बायको जमिला रडे, सोडा मने थे नोकरी. अन् शेठ काय मने माहीत आहे? "पानी मारलं की उठले ना?"

अन् त्याच हप्त्यात कंपनीच्या मेलचा सर्व्हर तापून बंद पडला. मंग पाहा शेठची धावपळ! याले फोन, त्याले फोन, जेवन नाही, पानी नाही. संध्याकाळपर्यंत सर्व्हरच्या खोलीत नवा कोरा एसी! मशीनीले गरम झालं तं एसी, मानसाले गरम झालं तं पानी शिंपडा... हे आमच्या कंपनीचं धोरण.

पन मीबी डोकं लावलं. शेठले मनलं, इतकी महागाची मशीन, तिच्याजवळ कोनी बसाले नको काय? शेठले पटलं. माह्यासाठी नाही पटलं हां, मशीनीसाठी पटलं! मी सर्व्हरचा राखनदार झालो, माही खुर्ची एसीखाली लागली, अन् जमिलानं नोकरी सोडाचा विषय सोडला.

अन् मंग काय, तुम्हाले सांगतो, उन्हाळा लागला की कंपनीत सगळ्याइचे मेल बिघडाले लागत. आर्णीकडं बियाणं इकत फिरनारा रामधन फटफटीवर ऊन खात येई, "जफरभाई, माहा मेल येऊन नाही राह्यला." या मनलं, पाहू. तो कायचा मेल पाहते, एसीखाली डोळे मिटून उभा! नेरकडं फिरनारा अरसलान, त्याचंबी थेच. हिशेबाची बेबीताई तं डबा घेऊनच ये, "जफरभाऊ, मेल अटकला." ताई, तुमचा मेल रोज जेवाच्या टायमालेच कसा अटकते हो? अन् पावसाळा लागला की सगळ्याइचे मेल दुरुस्त, कोनाची तक्रार नाही!

सगळं बरं चालू होतं. मंग पुन्याहून शिकून आला शेठचा लेक नयन. पोरगं गोड आहे, चाचा-चाचा करते, पन आल्या आल्या म्हणते, "चाचा, हा सर्व्हरचा डबा अजून कशाला ठेवलाय? आपण मेल क्लाउडवर नेऊ." म्हंजे आपला मेल आपल्या खोलीत नाही, दूर कुठंतरी मोठ्या कंपनीच्या मशीनीत राहीन. मी मनलं, अन् तथी गरमीनं मशीन बंद पडली तं? थो हासला. "चाचा, तिथे चोवीस तास कूलिंग असतं."

हे आयकलं तवाच मले समजाले पाह्यजे होतं! नाही समजलं. उलट मीच कंबर कसली. एकेकाचा मेल उचलून तथी पोचवाचा, इंटरनेट असं की बैलबंडी बरी. शेठनं कोनाचं दिवाळीचं शुभेच्छापत्रही खोडलं नव्हतं, थेही नेलं. सगळ्याइले पासवर्ड करून देले, बेबीताईले रोज सकाळी नवा. शेवटचा मेल गेला, सगळ्याइच्या मोबाइलवर टुन टुन वाजलं, शेठनं पेढे वाटले. माह्या तोंडात पेढा अन् शेठ म्हणते, "चला, आता सर्व्हर बंद. मंग अथी एसी कायले?"

पेढा गालात सरकवून मी मनलं, "शेठ, मी बसतो ना अथी."

शेठनं माह्याकडं असं पाह्यलं जसा मी आताच भिंतीतून निंगालो. मने, "तुम्ही तं सर्व्हरसाठी बसत होते ना?"

लय राग आला, खरं सांगतो. मेल कोनी नेला? म्या! मेल गेला गारव्याले, अन् नेनारा भट्टीत! अन् एसी कुठं गेला? नयनच्या केबिनीत. त्याच्यासाठी नाही हो, त्याचा लॅपटॉप तापते! मशीनीले गरम झालं तं एसी... मी मनलं, बरं, एक कूलर तं द्या. तं शेठ म्हणते, नळ कवा येते थे नळालेच माहीत नाही, कूलरले पानी कुठून पाजू? म्हंजे घ्या, आता मानसावर शिंपडाचंही पानी गेलं!

घरी अजून जमिलाले सांगतलं नाही. सांगतलं तं नोकरी आजच सुटते, अन् ह्या वयात मले दुसरीकडं कोन ठेवते?

पन परवा काय झालं, इंटरनेटचा डब्बा तापला. मेल बंद! शेठ धावत आले, स्वतः, घामानं डबडबलेले, हातात नवा टेबलफॅन. डब्ब्यापुढं लावला अन् मले म्हणते, "जफरभाई, ध्यान ठेवा, याची हवा डब्ब्यावरून हालली नाही पाह्यजे." मी मनलं, नाही हालत शेठ. शेठ गेले, अन् मी माही खुर्ची उचलून डब्ब्याच्या मांगं लावली. डब्ब्याले लागून जे हवा उरते, थे माही. गरम येते, पन येते.

अन् काल बेबीताई डबा घेऊन दारात उभी. आता तिचा मेल मोबाइलवरच येते, दिसते, वाजते. तरी म्हणते, "जफरभाऊ, माहा मेल अटकला."

मी माही खुर्ची जराशी सरकवली.