दिवस मावळल्यावरची गोळी

कडेगाव स्टँडवर दिवे लागून बराच वेळ झाला होता. अंजनाबाईंच्या शेजारी बाकावर एक अनोळखी सासू-सून बसल्या होत्या. सून शिबिराला गेलेल्या लेकाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. सासू कान देऊन ऐकत होती.

"सम्मेद, गोळी घे रं. शिबिरातल्या ताई कवाच्या पाणी घेऊन उभ्या हायत."

"न्हाई. दिवस मावळला. आजी घेती का काय आता?"

"आरं, गोळी चुकली की तुला फिट येती!"

"मी नेम केलाय. दिवस मावळल्यावर पाणीबी न्हाई."

"आवं आत्ती, तुमच्याच नादानं केलाय. तुमीच सांगा."

"बाळा, औषधाला नेम आडवा येत न्हाई."

"मग तू तापात रातची गोळी का घेतली न्हाईस?"

सासू अंजनाबाईंकडे वळली.

"बाई, बाटलीत पाणी हाय?"

"हाय की. घ्या."

"आत्ती, तुमी? इतक्या वर्सांचा नेम..."

"गप. फोन तोंडाम्होरं धर. दिसतंय का रं सम्मेद?"

"आजी, नको!"

तिनं डोळे मिटून घोट घेतला.

"प्याले मी. आता तू."

पलीकडून ताईंचा आवाज आला, "घेतली हो त्यानं."

सासूनं बाटली पदरानं पुसून परत दिली.

"बाई, दिवस मावळून लय येळ झाला का वं?"

"छे! आत्ताच तर गेला," अंजनाबाई म्हणाल्या.