खरं पुन्हा की खोटं पुन्हा?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले वाहिनीचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आमच्या सगळ्यांच्या ताई, कॅमेरा, दिवे, रंगकाम आणि गाड्यांची दुरुस्ती सांभाळणारे माझे सहकारी, पालकवर्ग, आणि पुढच्या रांगांत चुळबुळ करत बसलेले ‘चौघं आणि चार चाकं’चे लाल, पिवळे, निळे, हिरवे स्पर्धकहो,

मी कोण, असा प्रश्न पुढच्या रांगांना पडला असेल. साहजिक आहे. या मुलांनी वर्षभर माझा फक्त आवाज ऐकलाय. स्टुडिओत वरच्या बाजूला काचेची खोली आहे. तिथे मी बसतो, पडदे बघतो, आणि तिथून बोललेलं खाली स्पीकरवर ऐकू येतं. त्यामुळे कार्यक्रमाचा दिग्दर्शक वगैरे मी तुमच्यासाठी. मुलांसाठी मी ‘वरचे काका’. मघाशी दारात एकानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मित्राला म्हणाला, “वरचे काका एवढेच?” एवढेच बाळा. आवाजावर जाऊ नये.

ज्यांनी कार्यक्रम पाहिलेला नाही असे कुणी पाहुणे असतील, तर थोडक्यात सांगतो. चार चाकांची पेडलची गाडी. तिच्यात चौघं. दोघं पेडल मारणार, एक स्टिअरिंग धरणार, चौथा मागे उभा राहून पाण्याची बादली सांभाळणार. वाटेत एक चाक काढून दुसरं बसवायचं, फळीवरून गाडी न्यायची आणि बादलीत पाणी शिल्लक असताना शेवटची रेषा ओलांडायची. सांगायला सोपं. पण चौघांपैकी एक जरी रुसला तरी गाडी जागची हलत नाही. घर चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि ताईंचं काम? कार्यक्रमाच्या शेवटी नावांच्या पाट्या येतात, त्यांत ‘फ्लोअर मॅनेजर’ असं येतं. म्हणजे मी वरून बोलायचं आणि ताईंनी खाली ते घडवून आणायचं. शर्यत सुटण्याआधी ताई प्रत्येक मुलासमोर वाकायच्या, हेल्मेटच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायच्या. बोटं जास्त सैल गेली तर पट्टा आवळायच्या, गेलीच नाहीत तर सैल करायच्या. हे करता करता कुणाच्या पोटात गोळा आलाय, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाला बाथरूमला जायचंय पण सांगायची लाज वाटतेय, हे सगळं त्यांना कळायचं. उद्घाटनाच्या दिवशी आपले अध्यक्ष महोदय, म्हणजे कार्यक्रमाचे निर्मातेच, हौसेनं गाडीत बसले, तर ताईंनी त्यांच्याही गळ्याशी बोटं घातली आणि म्हणाल्या, “पट्टा कुठे अडकवू साहेब? हनुवट्या दोन आहेत.” साहेब, रागावू नका. हा किस्सा तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता.

माझ्या खिशात एक भाषण आहे. मन लावून लिहिलंय. त्यात ‘मायेची सावली’ आहे, ‘दीपस्तंभ’ तर दोनदा आहे. ते वाचून खाली बसायचं असं ठरवून मी आलो होतो. पण मघाशी जे झालं, त्यानंतर ते वाचायला माझी जीभ रेटेना.

काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. साहेबांनी ताईंना स्मृतिचिन्ह दिलं. टाळ्या झाल्या. ताईंनी ते छातीशी धरलं, डोळे पुसले. तेवढ्यात आपले फोटोग्राफर म्हणाले, फ्लॅश पडला नाही. आणि मी, सवयीनं, माइकवरून म्हणालो, “ताई, पुन्हा एकदा. साहेबांच्या हातात द्या, परत घ्या, इकडे बघून हसा.” ताईंनी मुकाट्यानं स्मृतिचिन्ह परत दिलं. त्याच वेळी तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला:

“खरं पुन्हा की खोटं पुन्हा?”

सगळं सभागृह हसलं. काय चुणचुणीत मुलगी आहे, असं पाहुणे एकमेकांना म्हणाले. साहेब हसले. मीही हसलो. एकट्या ताई हसल्या नाहीत. तुम्ही मंडळी हसलात ते काही माहीत नसताना. मी माहीत असून हसलो. त्याची मला लाज वाटते आहे.

त्या मुलीचं टोपणनाव भोंगा. ते तिनंच सांगितलं पहिल्या दिवशी, अभिमानानं. पिवळ्या गाडीचं स्टिअरिंग तिच्याकडे. वळण आलं की ती मागच्यांना जे ओरडून सांगते ते ऐकून आमच्या आवाजवाल्यानं कानातली यंत्रं काढून ठेवली होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ती पालकांना माहीत नाही, कारण आम्हीच ती माहीत होऊ देत नाही. शर्यत खरी असते. निकालही खरा. पण कॅमेऱ्यात सगळं नीट येतंच असं नाही. मग शर्यत संपली की प्रेक्षकांना नाश्त्यासाठी बाहेर पाठवतात आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर मुलांना सांगतात, जसं झालं तसं पुन्हा करा. जिंकलेल्यांनी पुन्हा जिंकायचं. हरलेल्यांनी पुन्हा हरायचं. टाळ्यांचा आवाज आम्ही नंतर घालतो. मी वरून म्हणायचो, “ताई, पुन्हा.” खाली मुलांना ते समजावणं ताईंच्या वाट्याला. त्यांनी ‘हरा’ हा शब्द कधी वापरला नाही. त्या म्हणायच्या, “तुम्ही जरा मागून या हं.”

अंतिम फेरी महिन्यापूर्वी झाली. ती तुम्ही येत्या रविवारी बघणार आहात. लाल आणि पिवळे. लाल जिंकले, थोडक्यात, अर्ध्या चाकानं म्हणा. पंचांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यात वाद नाही. पण नेमक्या त्या क्षणी पालकांच्या बाजूनं एक भलामोठा फलक कॅमेऱ्यासमोर झुलला. फलक कुणाचा ते सांगत नाही. आनंदात माणूस हात उंच करणारच. माझ्या पडद्यावर मात्र शेवटच्या रेषेच्या जागी नुसतं कापड होतं, त्यावर अर्धं ‘शाब्बास’.

मी म्हणालो, “ताई, पुन्हा.”

ताई पिवळ्यांकडे गेल्या. त्यांनी पट्ट्यांखाली बोटं घातली. आणि भोंगानं त्यांना विचारलं, “ताई, खरं पुन्हा की खोटं पुन्हा?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ताईंच्या माइकवरून खालचं सगळं बोलणं माझ्या कानात येत असतं.  मी ऐकलं, त्या म्हणाल्या, “खरं.”

मंडळी, पुढची शर्यत पाहणारे आम्ही मूठभर लोक. कॅमेऱ्यात नीट यावं म्हणून लालांना मी सावकाश या असं सांगितलं होतं, ते आरामात निघाले. पिवळे शेजारून सुसाट निघाले तेव्हा लालांना काय चाललंय ते कळलं आणि त्यांनीही जीव तोडून पेडल मारले. चाक बदलताना तर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी होत्या. शेवटच्या वळणावर भोंगाचा आवाज काचेतून वर माझ्यापर्यंत आला. पिवळे जिंकले. चौघं खाली उड्या मारून रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचली, बादलीतलं उरलेलं पाणी एकमेकांवर उडवलं. लालांची मुलंही हसत होती. ताई टाळ्या वाजवत होत्या.

आणि मी स्पीकरवरून म्हणालो, “कट. पिवळ्यांनो, तुम्ही जिंकायचं नाहीये.”

हेच शब्द. त्यांत मी आज काही गाळलेलं नाही.

भोंगानं वर काचेकडे बघितलं. म्हणाली, “पण ताई म्हणाल्या खरं.” ताई म्हणाल्या, “सर, मी खरं म्हटलंय.” मी म्हणालो, “ताई, दिवे तापलेत, लोक नाश्ता संपवून परत येतील. पुन्हा.”

तिसऱ्यांदा पिवळे मागून आले. भोंगानं स्टिअरिंग अगदी सरळ धरलं होतं. ओरडली नाही. गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात स्टिअरिंगवर असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. कॅमेरावाल्यानं तिचा चेहरा जवळून घेतला. वर काचेच्या खोलीत मी मांडीवर थाप मारली आणि ओरडलो, “मिळालं!”

तोच चेहरा तुम्ही पंधरा दिवस जाहिरातीत बघताय. सगळीकडून कौतुक होतंय. हरल्याचं दुःख काय टिपलंय म्हणतात. आज या सभागृहाच्या दारात भोंगाच्या वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “साहेब, तुमच्यामुळे पोरगी टीव्हीवर दिसली. फक्त ती जाहिरात लागली की उठून आत जाते. का ते विचारलं तर सांगत नाही.” मला माहीत होतं का ते. मी म्हणालो, “मुलं लाजतात हो.” तासाभरापूर्वी. या बुटांत, या कोटात. दादा, तुमची मुलगी लाजत नाही. लाजायला हवं होतं ते मी. तिचे डोळे हरल्यामुळे भरले नव्हते. हरणं तिनं पहिल्या शर्यतीत बादलीसकट पचवलं होतं, लालांचे हात हातात घेऊन आली होती. जिंकलेलं परत द्यायला मी लावलं, म्हणून ती रडली.

निमंत्रणपत्रिकेत ‘ताईंच्या निवृत्तीनिमित्त’ असं छापलंय. ताईंचे गुडघे दुखतात म्हणून, असंही काहींच्या कानावर आलं असेल. दोन्ही गोष्टी मीच रचलेल्या. ताईंचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच जिना चढून काचेच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “सर, ती तिसरी दाखवू नका.” मी म्हणालो, निकाल तर बदलत नाही ना? लालच जिंकलेत. दोन महिन्यांनी कुणाला आठवणार आहे?  ताई म्हणाल्या, “मला आता मुलांना ‘पुन्हा’ म्हणता येणार नाही.” त्या वेळी मला वाटलं, थकल्या. आणि त्यांना साजेसा निरोप द्यावा म्हणून मी हा समारंभ ठरवला. मनाचा मोठेपणा बघा माझ्या.

तेव्हा खिशातलं भाषण खिशातच राहू द्या. त्याऐवजी एवढंच सांगतो. रविवारी पहिली शर्यत दाखवू, जशी झाली तशी. शेवटच्या रेषेवर तुम्हाला कापड दिसेल आणि अर्धं ‘शाब्बास’. त्यामागे लाल जिंकलेत. कप लालांचा आहे आणि लालांचाच राहील. त्यानंतर दुसरी शर्यत दाखवू, सगळी, रिकाम्या खुर्च्यांसकट, आणि खाली लिहिलेलं असेल, विजयी पिवळे. लालांना सावकाश यायला मी सांगितलं होतं, हेही मी माझ्या तोंडानं सांगेन. तिसरी शर्यत कुणी बघणार नाही. जाहिरात आजपासून बंद.

अध्यक्ष महोदय, आपण माझ्याकडे ज्या नजरेनं बघताय ती मला कळतेय. आपल्याला हे आत्ताच समजतंय. परवानगी आधी घ्यायला हवी होती. पण आधी मागितली असती तर आपण नाही म्हणाला असतात, आणि मी, माझा स्वभाव मला ठाऊक आहे, बरं साहेब म्हणून दीपस्तंभ वाचला असता. आता सगळ्यांसमोर बोलून बसलोय. खाली उतरल्यावर जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

ताईंना मी थांबा म्हणणार नाही. तेवढं तोंड मला नाही. माफ करा असंही म्हणणार नाही, कारण चारचौघांत माफी मागितली की समोरच्याला हसून मान हलवावीच लागते, आणि आज तुम्हाला एकदा कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलंय तेवढं पुरे. ताई, पहिल्यांदा स्मृतिचिन्ह हातात घेऊन तुम्ही डोळे पुसलेत, तोच तुमचा सत्कार. त्याचा फोटो नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

वेळात वेळ काढून आलेल्या पाहुण्यांचे, पालकांचे, गाड्यांना तेल देणाऱ्यांपासून खुर्च्या मांडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मानापमानात, क्रमात काही चुकलं असेल, तर पोटात घाला. बाकीचं जे चुकलंय ते एवढ्यावर भागणारं नाही, ते मला माहीत आहे.

एक राहिलं. फोटोग्राफर मित्रा, फ्लॅश पडला असेल तर ठीक, नसेल तर नाही. आवाजवाल्या मित्रा, तुझंही तेच. यातलं जे पकडता आलं असेल तेवढं आलं. मी हे पुन्हा बोलणार नाही.

भोंगा, हे खरं होतं.