गप बसवलेला हात

शेवगावच्या दवाखान्यात रोहिणी नंबरची वाट पाहत बसली होती. नसांच्या डॉक्टरांकडून तपासून आलेलं एक ऊसतोडीचं उतारवयातलं जोडपं तिच्या शेजारी येऊन टेकलं. नवऱ्यानंच विषय काढला.

“डाक्टरनं गुडघ्याव हातोडी मारल्यावर उजवा पाय कसा उडाला, पाह्यलंस?”

“व्हय. डावा मातर गपच.”

“कंबरंत नस दबलीय म्हनत्यात. पर मनकर्णे, कोन्त्या हातानं काम करता इचारलं, तर उजव्या का म्हनलीस?”

“उजव्यानंच करते की.”

“जल्माची डावरी तू. तसं सांगायचं.”

“ल्हानपनी डाव्यानं घास घेतला, तर आईनं उलथन्याचा डाग दिला. तवापासून त्यो हात गप. आता पायबी गप झाला.”

“फडात तरी डाव्यानं ऊस तोडायचास.”

“आन् शेजारनीच्या पायाव कोयता बसला असता म्हंजी? मुकादम डावरीला रांगंत उभं करतो व्हय?”

“म्हनून समदी उमर उलट्या अंगानं वाकलीस.”

“तुमी बी आता काय उकरून काढताय.”

“बरं, ऱ्हायलं. ह्यो पेरू खा. डाव्यानंच खा. हितं कोन बघतंय? आईला जाऊनबी लई वर्सं झाली.”

देता देता पेरू निसटला. रोहिणी “अहो” म्हणेपर्यंत मनकर्णाच्या डाव्या हातानं तो वरच्यावर झेललासुद्धा. तिनं हाताकडं पाहिलं. मनगटावर जुना पांढरा डाग होता.

मग तिनं पेरू उजव्या हातात घेतला आणि डावा पदराखाली सारला.