मोठा भोंगा

सलीमचं नाव काढू नका, माझं डोस्कं सरकते. आमच्या ब्रह्मपुरीच्या बँडात तो ट्रम्पेट वाजवते अन् मी युफोनियम. बोटं दोघांची सारखीच पडतात, फक्त माझा सूर एक सप्तक खाली. तरी लोकांसाठी तो 'ट्रम्पेटवाले सलीमभाऊ' अन् मी 'मोठा भोंगा'!

परवा एका वरातीत नवरीच्या काकानं हारही त्याच्याच गळ्यात घातला. मले राहवलं नाई. त्याच्या वरच्या सुरात घुसाले गेलो, गाल फुगवून फुकलं, अन् असा आवाज निघाला की धानाच्या बांधावरची म्हैस हंबरली. सारी वरात हासली.

सलीम म्हणे, "भाऊ, वहिनीनं ओ देल्ली."

मी म्हटलं, "देल्ली ना! तुह्या ट्रम्पेटले आजवर कोणी देल्ली?"