आलेखातला जास्तीचा उंचवटा

दाढ ठणकत होती म्हणून शिंपीणबाईंचं तोंड बंद होतं, पण कान मोकळे होते. दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. तीन आठवडे मी ज्याला नवा शोध म्हणून मिरवत होते, ते तुझं मलम निघालं."

"माझं?"

"हात फुटलेत म्हणून सकाळी चोळून देतेस ना, तेच. आमची प्लास्टिकची फिल्म केसापेक्षा पातळ. तिच्यातून अवरक्त प्रकाश सोडला की आतल्या रेणूंची जुळणी आलेखावर उंचवट्यांनी दिसते. त्यात एक उंचवटा जास्तीचा येत होता."

"मग हातमोजे कशाला देतात?"

"घालते की. पण घालताना ते बाहेरून धरते त्याच बोटांनी."

"रागावले असतील."

"हसले. त्यांच्या वेळी म्हणे डोक्याचं तेल निघालं होतं, आणि तोवर त्यांनी त्यावर भाषणही ठोकलं होतं."

"म्हणजे मीच तुझं काम नासवलं."

"नासवलं कुठे? हात धुऊन सगळं पुन्हा मोजलं. रेणू हवे तसे एका ओळीत बसलेत."

"आणि तो चुकीचा आलेख? फेकलास?"

"टेबलासमोर चिकटवलाय. त्या उंचवट्याखाली 'आई' लिहिलंय."

आईच्या पिशवीची चेन वाजली.

"उद्या प्रयोगशाळा आहे?"

"उद्या सुट्टी."

"मग आण इकडे हात."